स्थानिक रहिवाशांकडून समजते

४ जानेवारी

भिंगरे,

तुझं पाकीट मिळालं. जाडजूड होतं म्हणून मी हरखले. म्हटलं, पाच महिन्यांनी का होईना, धाकटीला सुचलं लिहायला. चहा ठेवला, चष्मा पुसला, खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि मग सावकाश फोडलं. आत आमच्याच खात्याचं पान. चार कागद, छापलेले. तिसऱ्या कागदावर एका वाक्याखाली निळ्या पेनाची रेघ, इतकी दाबून ओढलेली की कागद फाटलाय. आणि मागे तुझ्या अक्षरात तीन ओळी. 'हंगामातली सगळी बुकिंगं रद्द झाली. हे परत जहाजावर गेले. ही ओळ माझी आहे, ताई.'

ना नमस्कार, ना सही.

ते वाक्य मी पुन्हा वाचलं. 'बंदरामागील गल्लीत एकट्या महिलेला ढकलून पर्स हिसकावल्याचे, तसेच एकाच गल्लीत तीन घरांत ताप आढळल्याचे स्थानिक रहिवाशांकडून समजते. सायंकाळनंतर या भागात जाऊ नये.' आता मला सांग, यात तुझं काय आहे? पर्सा काय एकट्या तुझ्याच ओढल्या जातात? ताप काय फक्त तुमच्या गल्लीला येतो? आमच्या खोलीत सहा माणसं बसतात. जगातले देश वाटून घेतलेत. कुठे साथ आहे, कुठे दंगल आहे, कुठलं पाणी पिऊ नये, हे आम्ही लिहायचं आणि आपल्या लोकांनी तिकीट काढायच्या आधी वाचायचं. वकिलातीतून माहिती येते, दवाखान्यांतून येते, वर्तमानपत्रांतून येते. ही ओळ कुठून आली ते मी विचारून बघते.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्राचं एक बरं असतं, ते दाराखालून आत येतंच.

इकडे सगळं ठीक. आईच्या कपाटाची बिजागरी परत निखळली. मी वर्तमानपत्राची घडी घालून दार टेकवून ठेवलंय. सुताराला बोलावणार आहे, असं गेली दोन वर्षं म्हणतेय.

तुझी
ताई


१९ जानेवारी

भिंगरे,

चौकशी केली म्हणून लिहिणार होते. तसं लिहिलंही होतं, मग फाडलं. माझंच टेबल, तुझा देश माझ्याच वाट्याचा, मी कुणाकडे चौकशी करणार?

ओळ मी लिहिली. तुझ्या जुलैच्या पत्रातून उचलली. झालं, सांगून टाकलं.

आता ऐकून घे, मग शिव्या घाल. आमच्याकडे पद्धत अशी आहे की पानावर नवं वाक्य घालायचं तर फाइलीत त्याची एक चिठ्ठी लावावी लागते. मुळाची चिठ्ठी म्हणतो आम्ही तिला. हे वाक्य कुणाच्या तोंडचं, कधीचं, भरवशाचं आहे की नाही, एवढं तीन रकान्यांत लिहायचं आणि टाचणी मारायची. मी लिहिलं, 'स्थानिक रहिवासी. जुलै. विश्वसनीय.' साहेबांनी सही केली. माझ्या चिठ्ठीवर सही करताना साहेब वाचत नाहीत. बत्तीस वर्षांत माझी एक चिठ्ठी खोटी निघालेली नाही, असं ते नव्या लोकांना माझ्यासमोर सांगतात. मग मीही मान खाली घालून हसते.

आणि खोटं काय होतं त्यात? तुला ढकललं, तू पडलीस, गुडघ्याला सात टाके पडले. शेजारच्या तीन घरांत ताप होता. तूच लिहिलं होतंस. उद्या आपल्याकडची एखादी बाई तिथे उतरली, त्याच गल्लीतून गेली आणि तिचं काही बरंवाईट झालं असतं तर? माहीत असून गप्प बसले असते, तर ते पाप कुणाच्या माथी आलं असतं? मी माझं काम केलं.

त्या ओळीनं तुमचं बंदर दुसऱ्या पायरीवरून तिसऱ्यावर जाईल, हे मात्र माझ्या ध्यानात यायला हवं होतं. चार पायऱ्या आहेत आमच्या. पहिली म्हणजे नेहमीची काळजी घ्या, दुसरी म्हणजे जरा जास्त घ्या, तिसरी म्हणजे शक्यतो जाऊ नका, चौथी म्हणजे जाऊच नका. तिसरी लागली की विमावाले अंग काढून घेतात, सहलवाले पाठ फिरवतात, आणि तुमच्या नऊ खोल्यांच्या लॉजवर माश्या मारायची वेळ येते. हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू?

गुडघा आता कसा आहे?

ताई


१० फेब्रुवारी

भिंगरे,

उत्तर नाही. बरं.

रविवारचं माझं सांगते, म्हणजे तुला वाटेल की मी मजेत आहे. सकाळी उठते, चादरी धुते, गच्चीवर वाळत घालते. मग जिन्यात भेटेल त्याच्याशी बोलते. बहुतेक वेळा कुणी भेटत नाही, रविवारी लोक उशिरा उठतात. दुपारी बाजारात जाते आणि भाजीवालीशी हुज्जत घालते. ती मला 'मावशी, आज एकट्याच?' असं विचारते. दर रविवारी विचारते. मी दर रविवारी एकटीच असते, तरी विचारते. परवा मी म्हटलं, नाही गं, आज बहीण आलीय. मग उगाचच दोघींपुरती भाजी घ्यावी लागली. तीन दिवस तीच खाल्ली.

कामाचं सांगते. ओळ काढून टाकावी म्हणून साहेबांकडे गेले. म्हटलं, जुनी झाली, सहा महिन्यांत नवं काही आलेलं नाही. साहेब म्हणाले की काढायला काहीच हरकत नाही, पण घालायला जशी चिठ्ठी लागते तशी काढायलाही लागते. कुणीतरी जाऊन बघून आलं पाहिजे. वकिलातीतला आपला माणूस तुमच्यापासून एका दिवसाच्या वाटेवर बसतो आणि तो म्हणे ऑक्टोबरपर्यंत मोकळा नाही. ऑक्टोबरात हंगाम सुरू होतो. म्हणजे पान बदलेपर्यंत पुढचाही हंगाम बुडाला.

मी म्हटलं, तिथल्या एखाद्या रहिवाशानं लिहून दिलं तर? साहेब म्हणाले, कुणीही चालेल, फक्त आपल्या माणसाचा नातेवाईक नको. नियम आहे. नातेवाईकाच्या सांगण्यावरून ओळ घालताही येत नाही आणि काढताही येत नाही.

मी 'हो, बरोबर' म्हणून बाहेर आले. आमच्यात रोगराईचं बघणाऱ्या बाई आहेत, सगळे त्यांना तापवाल्या बाई म्हणतात. त्यांनी विचारलं, चेहरा का उतरलाय? म्हटलं, पित्त. त्यांनी लगेच गोळी काढून दिली. मीही निमूट घेतली. पित्त नव्हतं तरी घेतली.

नियम मला ठाऊक होता, भिंगरे. म्हणूनच चिठ्ठीवर बहीण न लिहिता रहिवासी लिहिलं होतं.

ताई


२ मार्च

भिंगरे,

तुझं जुलैचं पत्र आज पुन्हा काढलं. माझ्या टेबलाच्या खणात असतं, घरी नाही. तू काय काय लिहिलं होतंस ते तुला आठवतंय का? ताप, पर्स, टाके, तुझा नवरा जहाज सोडून आला तरी झोपेत अजून हेलकावे खातो, चौथ्या खोलीतल्या पाहुण्यानं नळ तोडला. आणि अगदी खाली, कागद संपत आला म्हणून बारीक अक्षरात: 'कधी कधी वाटतं ताई, सगळं टाकावं आणि तुझ्याकडे यावं.'

ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेन, सांगता येत नाही. बसमध्ये वाचलं. जेवताना वाचलं. आईची खोली झाडून घेतली. तुझा जुना पलंग भिंतीपासून ओढला, त्याच्या मागे तुझी पिवळी फणी सापडली, ती धुऊन ठेवली. कपाटाचा एक कप्पा रिकामा केला. वेडेपणाच नुसता. पंधरा वर्षांपूर्वी आईनं एवढं समजावलं तरी न थांबलेली बाई गुडघा फुटला म्हणून परत येणार होती होय?

मग तुझं काही आलं नाही. मी वाट बघत राहिले. त्या पानाची फेरतपासणी ऑगस्टमध्ये होती. फाइल समोर, तुझं पत्र खणात. आणि मला वाटलं, बंदरावर पाहुणे आले नाहीत तर लॉज चालणार नाही. लॉज चाललं नाही तर ही काय करील? येईल घरी.

जानेवारीत मी तुला लिहिलं की मी माझं काम केलं. ते अर्धंच खरं. काम म्हणून केलं असतं तर साहेबांना सांगून, बहिणीचं पत्र आहे म्हणून, दुसरीकडून खातरजमा करून केलं असतं. मी घाईनं केलं, आणि टाचणी मारताना मला बरं वाटलं. आई गेल्यावर पहिल्यांदा एवढं बरं वाटलं होतं. तुझा संसार मोडेल हे मला दिसत होतं, आणि त्याच्या पलीकडे तू जिना चढून येताना दिसत होतीस. मी पलीकडचंच बघितलं.

त्याला पुन्हा जहाजावर जावं लागेल हे मात्र मनातही आलं नव्हतं. माझ्या हिशेबात तो नव्हताच कधी. तेही तुला कळलेलंच असणार.

मी फार एकटी होते गं. हे कारण नाही, सांगतेय फक्त.

ताई


२१ मार्च

भिंगरे,

काल साहेबांना सांगितलं.

आधी वाटलं होतं, रीतसर अर्ज लिहून ठेवावा आणि निघून यावं. लिहिलाही. मग तोच हातात घेऊन आत गेले आणि उभ्याउभ्याच बोलले. ती चिठ्ठी चुकीची आहे, तो रहिवासी म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण, तिच्या खासगी पत्रातून तिला न विचारता घेतलं, आणि दुसऱ्या कुठूनही खात्री केली नाही. तुला घरी आणायचं होतं तेवढं नाही सांगितलं. ते फक्त तुला सांगितलंय.

साहेबांनी पेपरवेट उचलून अर्जावर ठेवला. मग म्हणाले, "बाई, सव्वादोन महिने राहिले होते तुमच्या निवृत्तीला. कशाला सांगितलंत?"

मी म्हटलं, मूळच खोटं ठरलं की ओळ आपोआप पडते, नियमच आहे, कुणी जाऊन बघायची गरज उरत नाही. ते म्हणाले, तो नियम मला पाठ आहे. मग खिडकीकडे बघत म्हणाले की आता माझ्या बत्तीस वर्षांच्या सगळ्या चिठ्ठ्या कुणाला तरी काढून तपासाव्या लागतील. बोलणी बसतील, हे धरून गेले होते. चिठ्ठ्यांचं डोक्यात नव्हतं. त्या खऱ्या आहेत गं सगळ्या. एक सोडून सगळ्या.

आजपासून माझं टेबल नव्या मुलीकडे. मला तळमजल्यावर जुन्या फाइलींच्या खोलीत बसवलंय. खिडकी नाही, पंखा आहे. निरोप समारंभाचं कुणी काढत नाही. तापवाल्या बाईंनी वर्गणी गोळा करायला घेतली होती, त्या आता जिन्यात दिसल्या की पदर सावरत घाईत असल्यासारख्या जातात. त्यांचा राग नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, कदाचित जास्त ठसक्यात.

ताई


२४ एप्रिल

भिंगरे,

पान बदललं. नव्या मुलीनं स्वतः खाली येऊन सांगितलं, बिचारी दारातच उभी होती. ओळ गेली. बंदर पुन्हा दुसऱ्या पायरीवर. मी छापून सोबत पाठवतेय. या वेळी कुठे रेघ मारायला जागा नाही, बघ.

गेलेली माणसं लगेच परत येतील असं नाही. आम्ही एक ओळ घातली की लोक त्याच दिवशी वाचतात, काढली की वर्ष वर्ष कुणाला पत्ता नसतो. हे मी नव्या लोकांना शिकवायचे. तेव्हा मोठ्या रुबाबात शिकवायचे.

आता दुसरं. मी येतेय. ३१ मेला माझी नोकरी संपते, २ जूनचं तिकीट काढलंय. परत यायचं अजून काढलं नाही, पण घाबरू नकोस, तुझ्या गळ्यात पडायला येत नाहीये. खोलीचं भाडं देईन, चार दिवस राहीन, तुला बोलायचं नसेल तर बोलणार नाही. बत्तीस वर्षं मी लोकांना कुठे जावं आणि कुठे जाऊ नये ते सांगितलं आणि स्वतः विमानात कधी पाऊल ठेवलं नाही. तुझ्या लग्नालासुद्धा आले नाही. आईची तब्येत बरी नव्हती असं सांगितलं होतं, पण आई ठणठणीत होती. मीच रुसले होते.

आमचाच फॉर्म भरला, परदेशी जाणाऱ्यांनी भरायचा. लोकांना मी किती वर्षं ओरडून सांगत आले, शेवटचा रकाना मोकळा सोडू नका. 'संकटकाळी कोणाला कळवावे.' मी तिथे येऊन अडकले. तुझं नाव चालत नाही, जिथे जाणार तिथलं माणूस नको, इथलं हवं. मागे सरकून बसले आणि एकेक माणूस आठवलं. साहेब नकोत. तापवाल्या बाई नकोत. भाजीवालीचं आडनाव माहीत नाही. शेवटी सुताराचं नाव घातलं. त्याला सांगायला गेले, तर तो म्हणाला, लिहा की, आणि कपाटाची बिजागरी लगेच बसवून दिली. दहा मिनिटांचं काम होतं.

येऊ नकोस म्हणायचं असेल तर एक कार्ड टाक. महिनाभर वेळ आहे. काही लिहायची गरज नाही, कोरं पाठवलंस तरी मी समजेन.

ताई


३ जून, खोली नंबर चार

भिंगरे,

तू खाली आहेस आणि मी वर. मध्ये सतरा पायऱ्या. तरी पत्रच लिहितेय. आता सवयच लागलीय.

कोरं कार्ड आलं नाही. रोज टपालाचा डबा उघडून बघत होते. शेवटच्या आठवड्यात पोस्टमन मला बघून लांबूनच मान हलवायचा. मग बंदरावर उतरले. तू मला घ्यायला येशील असं वाटलं नव्हतं, पण गर्दीत शोधत होते, खोटं कशाला बोलू. मग पत्ता दाखवत दाखवत आले.

दारातून आधी तू दिसली नाहीस. आईच दिसली. तोच मानेचा झुकाव, तीच चष्म्याची दोरी. तुझे केस इतके पांढरे झालेत हे कुणी मला सांगितलं नाही. सांगणार कोण म्हणा. तू मान वर केलीस, बघितलंस, आणि वही माझ्याकडे फिरवून पेन वर ठेवलंस. ठीक आहे, म्हटलं. पाहुणी तर पाहुणी. तू खुर्चीवरून उठलीस तेव्हा डावा पाय जरा ओढलास, मी बघितलं.

नाव लिहिलं. कुठून आलात, लिहिलं. कशासाठी, तिथे 'भेट' लिहिलं. किती दिवस, ते सोडून दिलं. आणि मग तुझ्या वहीतही तोच शेवटचा रकाना. मीच तुला सांगितला होता घालायला, लॉज उघडलंस तेव्हा, चार पानी पत्र लिहून. तू तेव्हा लिहिलं होतंस, ताई, इथे लोक समुद्र बघायला येतात, मरायला नाही. पण रकाना घातलास. मी हातातलं पेन बराच वेळ धरून ठेवलं. सुताराचं नाव लिहावंसं वाटेना. 'बहीण' लिहिलं.

तू वही आपल्याकडे फिरवलीस. बोट ठेवून वाचलंस, प्रत्येक रकाना. शेवटच्यावर बोट थांबलं. मला वाटलं आता खोडशील.

"पत्ता राहिलाय," तू म्हणालीस.

मी लिहिलं, 'हाच'. अक्षर वाकडं आलं. तू बघितलंस आणि किल्ली दिलीस. नऊपैकी सात किल्ल्या खिळ्यांवर टांगलेल्या होत्या, माझी काढल्यावर सहा राहिल्या. मोजायच्या नव्हत्या, मोजल्या गेल्या. त्याच्या जहाजाचं चित्र काउंटरमागे लावलंयस, त्याखाली तारखेला गोल केलाय. कधी येणार, असं विचारायचं होतं. तो अधिकार माझा नाही, म्हणून वर आले. नळ दुरुस्त झालेला दिसला.

हे सगळं लिहून ठेवायचं नव्हतं मला. लिहायचं ते पुढचं आहे.

पाच वाजता बाहेर निघाले. मंजन घरी विसरले, बत्तीस वर्षं लोकांना सामानाची यादी देणारी बाई. काउंटरवरून जाताना तुला म्हटलं, दुकानात जाऊन येते. तू वाटाणे सोलत होतीस. मी दाराशी पोचले, तेव्हा मान वर न करता म्हणालीस, "मागच्या गल्लीतून येऊ नकोस. अंधार पडायच्या आत ये."

मी बाहेर गेलेच नाही. चप्पल घातलेल्या पायांनी तशीच वर आले आणि हे लिहायला बसले. तुला वाटलं असेल पैसे विसरले.

भिंगरे, हे वाक्य मी हजारदा लिहिलं असेल. सात देशांसाठी, न बघितलेल्या माणसांसाठी, तुझ्या तोंडून चोरून. मला कुणी म्हटलं नव्हतं, आई गेल्यापासून. ऐकायला असं लागतं हे माहीत नव्हतं.

माफ कर असं म्हणायला इतकी पत्रं लागली आणि शब्द अजून एकदाही लिहिला नाही, बघ. माफ कर.

आता हे तुझ्या वाटाण्यांच्या टोपलीशेजारी ठेवते आणि दुकानात जाते. वाचायचं तेव्हा वाच. समोरच्या मोठ्या रस्त्यानं जाईन, तिकडूनच येईन. अंधार पडायच्या आत येते.

ताई